वसईच्या तटाच्या आत

(पुणे येथे प्रौढ साक्षरता वर्गांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)

आज आम्ही तुम्हाला एका जुन्या शहराची गोष्ट सांगणार आहोत. हे शहर समुद्राकाठी आहे. त्याच्या भोवती दगडी तट आहे. तटाच्या आत एके काळी रस्ते होते, चौक होता, माड्या होत्या, देवळे होती. आज तिथे उभ्या भिंती आहेत, पण त्यांवर छप्पर नाही. या शहराचे नाव वसई.

तुम्ही म्हणाल, आम्ही पुणे जिल्ह्यातली माणसे. आम्हाला वसईचे काय? मंडळी, वसईचे आणि पुण्याचे फार जुने नाते आहे. ते काय ते पुढे कळेलच. आधी आम्ही तिथे कसे गेलो ते ऐका.

गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गातली बावीस माणसे सहलीला निघाली. कोणी शेतकरी, कोणी गवंडी, कोणी मेंढपाळ. सात बायामाणसे होती. त्यांत एक आजी सत्तरीच्या. त्यांनी आदल्या वर्षीच बाराखडी पुरी केली होती. स्टेशन आले की पाटी वाचायची, असा त्यांचा नेम. रात्रीच्या गाडीने आम्ही दादरला उतरलो. पूल ओलांडून पलीकडे गेलो आणि विरारकडे जाणारी लोकल धरली. वसई रोड स्टेशनावर उतरलो तेव्हा नुकते उजाडले होते. तिथून बसने किल्ला गाठला.

वाटाड्या भेटला

तिथलाच एक तरुण आम्हाला किल्ला दाखवायला आला. तो शाळेत इतिहास शिकवतो. रविवारी लोकांना बरोबर घेऊन पायी किल्ला हिंडवतो. धर्माने तो ख्रिस्ती, आणि बोलतो आपल्यासारखेच मराठी. वसईकडे पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांची घरची भाषा मराठीच आहे. तुम्ही पेपरात वाचले असेल, २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, मराठी साहित्य संमेलन भरले होते. त्याचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे वसईकडचेच धर्मगुरू होते. २०२४ साली ते वारले.

वाटाड्याने सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली. ती आम्हाला फार आवडली. तो म्हणाला, "मी तुम्हाला तीन तऱ्हेच्या गोष्टी सांगेन. काही दिसणाऱ्या, काही लिहिलेल्या, आणि काही नुसत्या सांगितलेल्या. दिसणारी गोष्ट तुम्ही हात लावून पाहा. लिहिलेली गोष्ट कोणी लिहिली, कधी लिहिली, ते विचारा. सांगितलेली गोष्ट ऐका, पण तिच्यावर लगेच शिक्का मारू नका."

आम्ही इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकवला. पण इतक्या सोप्या शब्दांत मुलांना हे कधी सांगितले नाही.

तट आणि दरवाजे

आधी दिसणारी गोष्ट. वसईचा तट सुमारे साडेचार किलोमीटर लांब आहे. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाला फेरी मारावी, त्याहून जास्त. तटाला बुरूज आहेत. त्यांतल्या पुष्कळांना ख्रिस्ती संतांची नावे दिलेली आहेत. दक्षिणेला वसईची खाडी. दोन-तीन बाजूंना पाणी आणि दलदल. धडपणे चालत येता येईल अशी बाजू उत्तरेची.

शहराला एक दरवाजा जमिनीकडे होता आणि एक समुद्राकडे. जमिनीकडून धान्य, भाजीपाला, लाकूड यायचे. समुद्राकडून गलबते यायची. तटाला लागूनच किल्ला बंदर हे कोळ्यांचे गाव आहे. आजही तिथे होड्या लागतात.

आमच्याबरोबरचे गवंडी तटापाशी उभे राहिले ते हलेचनात. त्यांनी दगडावरून हात फिरवला. सांध्यातला चुना नखाने खरवडून पाहिला. मग एका कमानीकडे बोट दाखवून म्हणाले, "गुरुजी, छप्पर गेलं, दारं गेली, पर ही कमान हाय तशी हाय. मधला कळीचा दगुड बघा. दोन्ही अंगचं वझं त्यो पेलतोय. लाकूड कुजतं. कमान एकमेकाला रेटून उभी ऱ्हाती." हे पुस्तकात वाचून आम्हाला कळले नसते. ज्याच्या हाताला थापी माहीत आहे, त्यालाच ते दिसते.

वाटाड्याने त्यात भर घातली. इथला दगड इतका चांगला की तो गलबतांत भरून गोव्याला नेत. गोव्याचे प्रसिद्ध बोम जेझुस चर्च आहे ना, त्याच्या दर्शनी भागाला वसईचा दगड वापरला आहे.

शहर कसे वसले

आता लिहिलेली गोष्ट. वसईचा मुलूख पूर्वी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्याकडे होता. त्याच्यावर दिल्लीचा बादशहा हुमायून चाल करून येत होता. समुद्रावर पोर्तुगीजांचा जोर होता. दोन्हीकडून कोंडी झाली. म्हणून २३ डिसेंबर १५३४ रोजी सुलतानाने पोर्तुगीजांशी तह केला आणि वसईचा मुलूख त्यांना देऊन टाकला. पोर्तुगीज म्हणजे युरोपातल्या पोर्तुगाल देशाचे लोक. आपले पूर्वज त्यांना फिरंगी म्हणत.

त्या मुलखात मुंबईची बेटेही होती. पुढे १६६१ साली पोर्तुगीज राजकन्येचे लग्न इंग्लंडच्या राजाशी ठरले, तेव्हा मुंबई आंदणात गेली. राजाने १६६८ साली ती इंग्रज कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने दिली. आजच्या मुंबईचे त्या वेळी एवढेच मोल होते. वसई मात्र मोठे शहर होते. पोर्तुगीजांच्या उत्तरेकडच्या सगळ्या मुलखाचा कारभार इथून चाले.

१६७५ साली फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर वसईला आला होता. त्याने इथली हकिगत लिहून ठेवली आहे. दुमजली घरे होती, त्यांना सज्जे होते. खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने होती. म्हणजे उजेड आत यावा आणि ऊन सौम्य व्हावे. चर्चे होती, मठ होते, विद्यालये होती.

ती चर्चे आज पडकी उभी आहेत. सेंट जोसेफ चर्चचा मनोरा दुरून दिसतो. त्याच्या दारावर कोरीव लेख आहे. आजी पुढे झाल्या. त्यांनी चष्मा पुसला, वाचायचा प्रयत्न केला. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "गुरुजी, मला न्हाई येत. तुम्ही वाचा." आम्हालाही येईना. अक्षरे ओळखीची वाटत, अर्थ लागेना. ती भाषाच निराळी. आजी हसल्या. म्हणाल्या, "मग हितं आपण दोघंबी अंगठाछाप!"

सगळे हसले, आम्हीही हसलो. पण तो क्षण आम्ही विसरलो नाही. चार माणसांसमोर उभे आहोत, समोर अक्षर आहे, आणि ते आपल्याशी बोलत नाही. तुम्ही हे आयुष्यभर सोसले. बँकेत, कचेरीत, एस.टी.च्या पाटीखाली सोसले. आम्हाला ते घटकाभर सोसावे लागले. वाटाड्याने मग लेखाचा अर्थ सांगितला. गोव्याचे आर्चबिशप आणि इथले धर्मगुरू यांची नावे देऊन, हे चर्च १६०१ साली पुन्हा बांधले, असे त्यात लिहिले आहे.

दुसऱ्या एका चर्चमध्ये जमिनीत मोठमोठ्या शिळा बसवल्या आहेत. त्या थडग्यांच्या शिळा. त्यांवर मेलेल्यांची नावे कोरली आहेत. हे कळताच आजींनी वहाणा काढून हातात घेतल्या. त्यांचे पाहून बाकीच्यांनीही काढल्या. कोणी कोणाला सांगितले नाही.

याच शहरात गोन्सालो गार्सिया नावाचा मुलगा वाढला. तो इथल्या धर्मगुरूंच्या हाताखाली शिकला आणि पुढे पार जपानपर्यंत गेला. तिथे १५९७ साली नागासाकी गावी त्याला धर्मासाठी मारण्यात आले. १८६२ साली रोमच्या पोपने त्याला संत ठरवले. भारतात जन्मलेला तो पहिला ख्रिस्ती संत. वसईचे लोक त्याचे नाव आजही मानाने घेतात.

रात्रीचा दरवाजा

फ्रायरने आणखी एक गोष्ट लिहिली आहे. ती ऐकून आमची मंडळी गप्प झाली. रात्री तटाच्या आत फक्त ख्रिस्ती लोकांनाच राहता येई. वाणी-उदमी दिवसभर आत धंदा करीत. रात्रीचा ढोल वाजला की त्यांना तटाबाहेर आपल्या वस्तीत जावे लागे. सोने-कापड विकायला आत या. निजायला मात्र बाहेर जा.

ही एकच जाचाची गोष्ट नव्हती. मुलखातली देवळे पाडली होती. हिंदूंना उघडपणे सण करता येईनात. धर्माच्या नावाने गोव्याहून चौकशा होत. शेवटी लोकच उठले. अंजूरचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे, अशांनी पुण्याकडे धाव घेतली. मुलूख सोडवा म्हणून पेशव्यांना गळ घातली.

वसईची लढाई

१७३७ साली मोहीम सुरू झाली. पहिल्या बाजीराव पेशव्यांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा तिचे प्रमुख. त्याच वर्षी ठाण्याचा किल्ला हाती आला. वसई मात्र दोन वर्षे दाद देईना. १७३९ च्या सुरुवातीला अप्पांनी तिथे पक्का वेढा घातला.

आम्ही उत्तरेच्या तटापाशी गेलो. इथेच सुरुंग लावले होते. सुरुंग म्हणजे काय, ते आमच्या गवंड्यांना सांगावे लागले नाही. विहीर खणताना त्यांनी ते उडवले आहेत. पण विहिरीच्या सुरुंगाला वरून कोणी गोळी मारत नाही. इथे वरून बंदुका, तोफा यांचा मारा चालू. खालून मावळ्यांनी आणि पाथरवटांनी भुयार खणत तटाच्या पायापर्यंत जायचे. तिथे दारू ठासायची आणि बत्ती द्यायची. काही सुरुंग उशिरा उडाले आणि आपलीच माणसे दगडांखाली गेली. तरी खिंडार पडले. लोक खिंडारात घुसले, मागे हटले, पुन्हा घुसले.

१६ मे १७३९ रोजी पोर्तुगीजांनी किल्ला देण्याचे कबूल केले. मराठ्यांकडची मेलेली आणि जखमी माणसे पाच हजारांच्या वर होती. किल्ल्यातली सुमारे आठशे.

इथे एक जण म्हणाला, "अप्पांनी सांगितलं हुतं ना, किल्ला पडत नसंल तर माझं मुंडकं तोफंला बांधून आत टाका?" वाटाड्या म्हणाला, "ही सांगितलेली गोष्ट. लोकांना ती आवडते, कारण अप्पांची तळमळ तिच्यात दिसते. पण तहाची कलमे ही लिहिलेली गोष्ट आहे. ती ऐका."

तहात असे ठरले की ज्यांना जायचे आहे त्यांनी आठ दिवसांत बायकामुले, सामान, हत्यारे घेऊन सुखाने जावे. ज्यांना राहायचे आहे त्यांनी राहावे आणि आपला धर्म पाळावा. २३ मे रोजी पोर्तुगीज फौज वाजतगाजत बाहेर पडली. एवढी माणसे मेल्यावर आणि जखमी झाल्यावरही अप्पांनी सूड घेतला नाही. दिलेला शब्द पाळला. आमच्या मते अप्पांचा खरा मोठेपणा इथे आहे.

मेंढपाळ दादांनी वाटाड्याला सरळ विचारले, "तुमी तर त्यांच्या धर्माचं. तुमची मानसं हरली. मग तुमी ही गोष्ट एवढ्या आवडीनं कशी सांगता?"

आम्हाला वाटले, हा प्रश्न विचारायला नको होता. पण तो तरुण शांतपणे म्हणाला, "काका, जे हरले ते जहाजात बसून गेले. आमचे पूर्वज इथलेच शेतकरी, इथलेच कोळी. ते इथेच राहिले. ही गोष्ट तुमची तशी आमचीही."

घंटा कुठे गेल्या

आता पुण्याचे नाते सांगतो. भीमाशंकरला तुमच्यापैकी किती जण गेले आहेत? पुष्कळ हात वर झाले. देवळासमोर शनीच्या देवळापाशी मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर ख्रिस्ती धर्माच्या खुणा आहेत. ती वसईच्या मोहिमेतली. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर अशीच घंटा आहे. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराची घंटा आहे, तीही वसईच्या विजयाची खूण म्हणून दाखवतात. चर्चची घंटा देवळात वाजते आहे. आपण कितीदा ती वाजवली, पण वर मान करून पाहिली नाही.

आणि चिमाजी अप्पा? वसईनंतर दीडच वर्षात, १७४० च्या डिसेंबरात ते वारले. वय तेहतिसाच्या आसपास. पुण्यात मुठेच्या काठी ओंकारेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. मेळावा संपल्यावर इथून चालत जाऊन पाहता येईल.

तीच वसई, दुसरा तह

मंडळी, वसईची एक दुःखाची गोष्टही आहे. १७३९ च्या विजयाला ६३ वर्षे झाली. पुण्याच्या गादीवर दुसरे बाजीराव होते. घरात भांडणे माजली होती. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरच्या लढाईत पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव पळाले ते वसईला गेले. तिथे ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्यांनी इंग्रजांशी तह केला. इंग्रजांची फौज आपल्या मुलखात ठेवून घ्यायची, तिच्या खर्चाला मुलूख तोडून द्यायचा, आणि इंग्रजांना विचारल्यावाचून कोणाशी लढाई किंवा बोलणे करायचे नाही, असे कबूल केले. सोळा वर्षांनी, १८१८ साली, पेशवाई बुडाली.

जी वसई पाच हजार माणसांनी अंगावर घेतली, तिथेच एका सहीने राज्य गेले. आम्ही आमच्या वर्गात नेहमी सांगतो, सही करण्याआधी कागद पुरता वाचा. बाजीरावांना वाचता येत होते. पण ज्याच्या घरात भांडण असते, त्याला वाचता येऊनही कागद दिसत नाही.

पाण्याचा तांब्या

दुपारी आम्ही समुद्राकडच्या दरवाजाने किल्ला बंदराकडे गेलो. कोळणी मासळी वाळत घालीत होत्या. बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील ओळीने टांगलेले. एका मावशींनी विचारले, "कुठून आलात?" आम्ही म्हणालो, "पुण्याहून." त्या हसून म्हणाल्या, "म्हणजे अप्पांच्या गावचे!" घरात जाऊन त्यांनी कळशी आणि तांब्या आणला. सगळ्यांना पाणी दिले.

आमच्या वर्गात एक काका आहेत. साठी उलटलेले. त्यांचा जन्म गावकुसाबाहेरच्या वस्तीतला. ते तांब्या हातात घेऊन थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग पाणी प्याले आणि आम्हाला म्हणाले, "गुरुजी, एक इचारू? सकाळी त्यो रात्रीचा दरवाजा ऐकला. उजेडी आत या, रात्री भायेर जा. सगळ्यांना लई वाईट वाटलं. पर आपल्या गावालाबी कूस हुतीच की. माझा बाप दिवसभर गावात राबायचा. निजायला भायेर. त्याला कोन आप्पा आलं सोडवायला?"

कोणी बोलले नाही. आम्हीही बोललो नाही. काय बोलणार? आम्हाला आमची शाळा आठवली. आम्ही दुसरीत-तिसरीत असू. वर्गात पाण्याचा डेरा होता. आम्ही उठायचो, डेऱ्यात पेला बुडवायचो आणि प्यायचो. शेजारी बसणारा एक मुलगा मात्र उठून डेऱ्यापाशी उभा राहायचा. कोणी तरी वरून ओतील तेव्हा ओंजळीने प्यायचा. कोणी उठले नाही तर तसाच परत येऊन बसायचा. आम्ही कितीदा उठलो? मंडळी, खरे सांगतो, आम्हाला आठवत नाही. आणि आठवत नाही याचीच आज लाज वाटते.

पुढे आम्ही मास्तर झालो, हेडमास्तर झालो. वसईचा विजय मुलांना दर वर्षी शिकवला. जुलमाविरुद्ध लोक कसे उठले ते हातवारे करून सांगितले. पण ज्या पुण्याहून अप्पांची फौज निघाली, त्या पुण्यात त्या काळी काही माणसांना रस्त्याने सरळ चालताही येत नव्हते, हे आम्ही कधी सांगितले नाही. अस्पृश्यांना कमरेला झाडू आणि गळ्यात मडके बांधून फिरावे लागे, असे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लिहिले आहे. तेही एक भाषणच होते. बोलावणाऱ्यांनी ते त्यांना करू दिले नाही, म्हणून त्यांनी ते छापले.

काकांना आम्ही त्या दिवशी उत्तर दिले नाही. गाडीत रात्रभर विचार केला. आज सगळ्यांसमोर देतो.

काका, तुमच्या वडिलांना सोडवायला कोणी घोड्यावर बसून आले नाही. पण कूस फोडणारी माणसे झाली. याच पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यांच्या मागे हजारो माणसे तळ्यात उतरली. १९५० साली देशाची राज्यघटना लागू झाली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता बंद केली. पाळील त्याला शिक्षा ठरली. हा सुरुंग कोणी बाहेरच्याने लावला नाही. आत-बाहेरच्या माणसांनीच लावला. आणि पाया अजून पुरता उखडलेला नाही. ते काम तुमचे आमचे.

अप्पांचा विजय त्यामुळे लहान होत नाही. तो मोठाच आहे. पण वसईला जाऊन दुसऱ्याची भिंत पाहायची आणि घरी येऊन आपली विसरायची, हे खऱ्या माणसाचे काम नव्हे.

आता तुमचे काम

बंधूंनो आणि भगिनींनो, तुम्ही सगळे वसईला जाल असे नाही. गेलात तर उत्तम. पायांत चांगल्या वहाणा घाला, पाणी बरोबर घ्या, सकाळी लवकर निघा. जवळच सोपारा आहे. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी बौद्ध स्तूप उकरून काढला. सम्राट अशोकाच्या लेखाचे तुकडेही तिथे सापडले आहेत. वेळ असेल तर तेही पाहा. किल्ला सरकारच्या पुरातत्त्व खात्याने राखलेला आहे. तिथल्या भिंतीवर खिळ्याने आपले नाव कोरू नका. अक्षर शिकलो ते भिंती खराब करायला नव्हे. एका कमानीवर आम्ही नुकते कोरलेले एक नाव पाहिले. आजी म्हणाल्या, "ह्याच्यापरीस मी अंगठाछाप बरी हुते."

पण एक काम प्रत्येकाने करायचे आहे. आपापल्या गावात असाच फेरफटका मारा. गावातले एखादे म्हातारे माणूस वाटाड्या करा. वेशीपासून सुरुवात करा. जुना वाडा, वीरगळ, पार, विहीर, मशीद, देऊळ, चावडी, सगळे पाहा. गावकूस कुठे होती ते विचारा. आत कोण राहत होते आणि बाहेर कोण, तेही विचारा. कोणाचा पाणवठा कोणता होता, हेही विचारा. आतल्या म्हाताऱ्याला विचारा आणि बाहेरच्यालाही विचारा. दोघांची गोष्ट सारखी असणार नाही. दोन्ही लिहा.

वही करा. तिचे तीन भाग पाडा. पहिला, डोळ्यांनी दिसले ते. दुसरा, कुठे लिहिलेले आढळले ते. तिसरा, लोकांनी सांगितले ते. चुकले तर खोडा आणि पुन्हा लिहा. शुद्धलेखनाला भिऊ नका. ते आम्ही पाहू.

आजींनी आपली वही सुरूही केली आहे. पहिल्या पानावर त्यांनी चार ओळी लिहिल्या आहेत. त्यांच्या परवानगीने वाचून दाखवतो. "वसईला गेले. तट पाहिला. कोळणीनं पाणी दिलं. आमच्या काकांनी सगळ्यांबरोबर पिलं." लिहिलेली गोष्ट ती हीच. आणखी शंभर वर्षांनी कोणी हे पान वाचले, तर त्याला या दिवसाची खबर मिळेल.

काकांनी मात्र अजून वही घेतलेली नाही. ते म्हणतात, "बापाचं लिव्हायचं तर लई लिव्हावं लागंल." काका, आम्ही दोनशे पानी वही आणली आहे. ती इथे टेबलावर आहे. जाताना घेऊन जा.